माशीची पावलं

"माशीला काय विटाळ?" असं चिमाबाई म्हणायची. दिवसातून दहादा तरी म्हणायची. ताकाच्या तांब्यात माशी पडली की ती बोटाच्या टोकानं अलगद उचलायची, चुलीकडे झटकायची आणि तांब्या पुढे सरकवायची. "प्या रं. माशीला काय विटाळ? ती देवाच्या निवदावर बी बसती. देवानं हाकलली का कधी?"

यावर कुणी बोलत नसे. तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाच्या आईनं घरी हेच शिकवलेलं होतं. मढ्याचा विटाळ असतो, बाळंतिणीचा असतो, बाजूला बसलेल्या बाईचा असतो. माणसाचा माणसाला तर असतोच असतो. माशी तेवढी मोकळी. ती कुठून आली आणि कशावर बसून आली, हे तिला कुणी कधी विचारलं नाही.

पिंपरी गावातून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची एक बैठी चाळ होती. तिच्या टोकाच्या दोन खोल्यांत चिमाबाईची खानावळ. माहेर पलीकडच्या काठावर, रहाटणीत. नवरा हिवतापानं गेला, मूलबाळ नव्हतं, शेत दिरानं आपल्याकडे ठेवलं. सहासष्ट साली तिनं दोन पातेली आणि एक काठवट घेऊन ही चूल मांडली. तेव्हा कारखान्यांची धुराडी नुकती कुठं उभी राहत होती. साताऱ्याकडची, मराठवाड्यातली, कोकणातली पोरं ट्रंका घेऊन उतरत होती आणि आईच्या हातचं आठवून रडकुंडीला येत होती. त्यांना चिमाबाई सापडली.

तिचं नाव झालं ते चवीपेक्षा स्वच्छतेनं. उजाडायच्या आत थंड पाण्याची आंघोळ, अंगावर ओलं लुगडं, आणि त्या ओलेत्यानंच चुलीचं सारवण. चुलीच्या खोलीच्या उंबऱ्याआत भाकरी थापणाऱ्या तानुबाईशिवाय कुणाचं पाऊल पडत नसे. दहा-बारा जणांची एक पंगत उठली की ताटं उचलायची, खरकटं गोळा करायचं आणि लगेच त्या जागेवर शेणाचा बोळा फिरवायचा. दुसरी पंगत बसायची ती ताज्या सारवलेल्या गार भुईवर. त्या भुईचा वास आला की दिवसभर यंत्राच्या तेलात बुडालेल्या माणसाला क्षणभर आपलं परसू आठवायचं. "चिमाबाईचा हात शुद्ध" असं भोसरीपासून दापोडीपर्यंत बोललं जायचं. जगात तिच्या मालकीचं तेवढंच होतं, हाताचं नाव. ते गेलं तर मागं काही उरणार नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पंगतीमागून पंगत सारवायची तर शेण हाताशी हवं, ओलं हवं. शेजारी आबाजीचा म्हशींचा गोठा होता. तिथून रोज सकाळी घमेलंभर शेण यायचं आणि मागच्या दारी मोरीशेजारी ठेवलं जायचं. पावसाळ्यात ते धुऊन जाऊ नये म्हणून वळचणीच्या आत, चुलीपासून चार हातांवर. मागं ओढा होता, आणि सकाळी सगळी चाळ डबे घेऊन त्या ओढ्यातच जायची. अन्नावर मात्र चिमाबाई झाकण टाकत नसे. झाकलं की भाताला घाम सुटतो, आमटी आंबते, असं तिचं म्हणणं. पातेली उघडी असायची, वाफ छपराला जायची, आणि माश्या आपल्या वाटेनं जायच्या-यायच्या.

खानावळीच्या बाहेर पायरीच्या कडेला एक सपाट दगड होता. त्यावर ज्योतीराम जेवायचा.

ज्योतीराम बीडकडचा, बौद्ध. त्याच्या आज्याचा जन्म गावच्या वेशीवर जोहार घालण्यात गेला. बापानं छप्पन सालानंतर घरातले जुने देव नदीत सोडले. बहात्तरच्या दुष्काळात हा खडी फोडून जगला आणि पुढच्या साली इकडं आला. औषधाच्या कारखान्यात लागला तो प्रयोगशाळेत, काचेच्या झाकणाच्या बशा धुवायला. कारखान्यात सगळे त्याच्या हातच्या धुतलेल्या बशांवर विसंबून होते. इथं मात्र त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. चिमाबाई वरून वाढायची. दोघांच्या मध्ये वीतभर हवा राहील असं वाढायची, पण भाकरी कधी कमी पडू दिली नाही. त्यानंही कधी तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्या खानावळीत तो गेला नाही, याचं कारण आतून येणारा गलका. तो त्याला आवडायचा.

"ज्योतीराव, आज काय धुतलं?" साताऱ्याचा खंडू आतून हाळी द्यायचा. खंडू प्रेसवर कामाला होता आणि त्याच्या तोंडाला यंत्रासारखीच विश्रांती नव्हती.

"बशा."

"आन् काल?"

"बशा."

"मग उद्या?"

"उद्या रईवार हाय. मपली चड्डी."

सगळी पंगत हसायची. चिमाबाईसुद्धा चुलीकडे तोंड फिरवून हसून घ्यायची.

यात दत्तोबाचं हसणं सगळ्यांत मोठं. दत्तोबा मावळातला, बावीस वर्षांचा, भोसरीत लेथवर. बाप नाही, आई गावी भात लावायची. चिमाबाईला तो पहिल्या दिवसापासून "मावशे" म्हणाला आणि चिमाबाईनं पहिल्या दिवसापासून त्याच्या ताटात तूप अंमळ जास्त सोडलं. दत्तोबाचा एक दोष तिला खुपायचा. हात धुतले की तो बाहेर जाऊन ज्योतीरामच्या दगडाशेजारी बसायचा, त्याच्या तांब्यातलं पाणी प्यायचा. "पोराला अक्कल न्हाई," एवढंच ती म्हणायची. दुसऱ्या कुणाला असं सोडलं नसतं.

पंचाहत्तर साली आषाढात माश्या फार झाल्या. पाऊस चार दिवस पडायचा, चार दिवस ऊन. भिंत काळी दिसायची, टाळी वाजवली की पांढरी व्हायची. एकदा दुपारच्या पंगतीला ज्योतीराम बाहेरून म्हणाला, "बाई, एक सांगू का? राग नका धरू."

"सांग की."

"आमच्या तिथं बशांत खीर थिजल्यावानी एक वस्तू ओततेत. तिच्यावर डोळ्याला न दिसणारं जंतू वाढवतेत. परवा एका बशीत माशी शिरली. मी टाकून देणार, तर सायेब म्हणले, राहू दे, गंमत बघ. दुसऱ्या दिशी बगतो तर माशी ज्या वाटेनं चालली त्या वाटेनं ठिपके उगवलेले. पावलाला पाऊल. माशीच्या पायाला बारीक केस असतेत म्हणं, तळव्याला चिकट गादी असते. घाणीवर बसली की समदं त्येच्यात अडकतं, न् ती जिथं उतरंल तिथं सांडतं. पोटात असतं ते येगळंच. आन् तिला दात न्हाईत. ती आधी अन्नावर वकते, ते पातळ झालं की मग चाटते."

"आरं ए बाबा!" खंडूनं घास हातातच धरला. "जेवू दे की राव!"

"मी म्हणतो ते एवढंच," ज्योतीराम म्हणाला. "माशी अंडी घालते शेणात. जेवायला जाते ओढ्यात. आन् मुक्कामाला येते आपल्या ताटात. ते घमेलं जरा लांब ठिवा बाई, न् पातेल्यावर झाकण टाका."

आतला गलका बंद झाला. चिमाबाई उलथनं हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत आली.

"शेनाला नावं ठिवतोस? शेनानं भुई शुद्ध व्हती. माझ्या आईनं सारवली, तिच्या आईनं सारवली. आन् आता शुद्ध काय न् अशुद्ध काय ते तू मला शिकवनार? कुठं बसून बोलतूयास ते तरी बघ."

ज्योतीरामनं खाली पाहिलं. दगडाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि भाकरी मोडली.

"मावशे, बोलला तर बोलला," दत्तोबा म्हणाला. "झाकण टाकायला काय जातंय?"

"तू गप जेव."

घमेलं तिथंच राहिलं. पुढं श्रावण लागला. श्रावणात तर चिमाबाईचं सोवळं दुप्पट व्हायचं. सोमवार, शनिवार, पंचमी, आठम. जितके उपास-सण तितकं सारवण जास्त, जितकं सारवण तितकं शेण जास्त. वर्षातल्या सगळ्यांत पवित्र महिन्यात तिच्या चुलीशेजारी दोन घमेली आली.

नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून तिनं पुरणाची दिंडं उकडली. दत्तोबाची पहिली पाळी होती, तो साडेतीनच्या पुढं येणार. तिनं त्याच्यासाठी पाच दिंडं आणि वाटीभर दूध काढून फळीवर ठेवलं. सकाळपासून दोन पंगती उठल्या, दोनदा बोळा फिरला. दूध उघडंच होतं. दिंडांना घाम सुटू नये म्हणून तीही उघडीच.

दत्तोबा आला तो भुकेनं घायकुतीला आलेला. दुधात माशी तरंगत होती. चिमाबाईनं ती बोटानं काढली आणि नेहमीचं वाक्य बोलली. तो हसला. "मावशे, माज्या आधी हिनंच सण केला बघ." आणि त्यानं वाटी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीतल्या सात जणांना जुलाब सुरू झाले. सहा जण कण्हत-कुंथत भिंतीला धरून उभे राहिले. दत्तोबा उठलाच नाही. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, आवाज बसला, हाताची बोटं रात्रभर पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली. त्याच्या खोलीत शिरायला कुणी धजेना. ज्योतीराम कामावरून आला, त्यानं त्याला पाठीवर घेतलं आणि खंडूला बरोबर घेऊन हमरस्त्यापर्यंत नेलं. एका टेंपोवाल्यानं पुण्याच्या इस्पितळात पोचवलं. तिथं बाटल्या लावल्या. पण उशीर फार झाला होता. अंगातलं पाणी वाहून गेल्यावर माणूस किती लहान दिसतो, हे ज्योतीरामनं तिथं पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दत्तोबा गेला.

त्याची आई सोजरबाई ट्रंक न्यायला आली. बुटकी, काळीसावळी बाई, भाताच्या चिखलानं पायाची नखं पिवळी झालेली. ती रडली नाही. पायरीशी उभी राहून तिनं एकच विचारलं, "माझं लेकरू काय खाऊन गेलं?"

तानुबाई, खंडू, आजारातून उठलेला म्हातारा वॉचमन कोंडाजी, आबाजी गोठेवाला, सगळे चिमाबाईकडे पाहायला लागले. तिच्या हाताचं नाव, नऊ वर्षांचं, त्या एका प्रश्नावर टांगलेलं होतं. चिमाबाईनं एकवार फळीकडे पाहिलं. मग तिची नजर दगडाजवळ उभ्या ज्योतीरामवर गेली.

"माझ्या हातचं खाऊन आजवर कुनाला शिंक आली न्हाई," ती म्हणाली. "पर तुझं पोर पंचमीच्या सांजच्याला, सणाच्या दिशी, ह्याच्या तांब्यातलं पानी पेलं. म्या डोळ्यानं पाहिलं."

सोजरबाई ज्योतीरामकडे वळली. "व्हय रं? तू दिलंस?"

ज्योतीरामला बोलता आलं असतं. तो दमानं म्हणाला, "पाणी दिलं, आई. ते खरं हाय."

तिनं वाकून मूठभर माती घेतली आणि त्याच्या तोंडावर फेकली. मग त्याला तळतळाट दिले, त्याच्या पोटाला, त्याच्या वंशाला. सगळे ऐकत होते. चिमाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. सोजरबाई ट्रंक डोक्यावर घेऊन निघून गेली. ज्योतीरामनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि तोही गेला.

त्यानंतर पाच दिवस दगड रिकामा राहिला. पंगतीत गलका होईना. खंडू यायचा, मुकाट्यानं जेवायचा, जायचा. तीन जणांनी डबा दुसरीकडे लावला. चिमाबाई पहिल्यापेक्षा जास्त सारवू लागली. दिवसाकाठी चारदा आंघोळ करू लागली. हाताची कातडी सोलवटली तरी तिचे हात पाण्यातच.

सहाव्या दिवशी दुपारी ज्योतीराम मागच्या दारी आला. हातात कागदाची पुडी आणि फडक्यात बांधलेल्या दोन काचेच्या बशा.

"बाई, मी भांडायला आलो न्हाई. कोंडाजी अजून तुमच्याकडं भात खातेत, म्हातारं माणूस हाय. एक प्रयोग करून बगा. मी कशालाच शिवणार न्हाई. ह्या बशा तडा गेलेल्या, सायबांनीच मला दिल्या. तुमी तुमच्या हातानं उकळा. ह्या पुडीत चायनाग्रास हाय, वाण्याकडं मिळतो. तुमच्या आमटीचं वरचं पाणी घ्या, तुमच्या पातेल्यात, तुमच्या चुलीवर. त्येच्यात हे विरघळवा न् बशीत ओता. माशी बी तुमच्याच घरातली धरा. मग जे दिसंल ते मपलं म्हणू नका."

चिमाबाईला नाही म्हणता आलं असतं. पण तिचा हात, तिची चूल, तिची आमटी! तिच्या अभिमानालाच त्यानं बोलावणं धाडलं होतं.

"व्हऊ दे," ती म्हणाली. "तुझं तोंड तरी बंद हुईल."

तिनं बशा उकळल्या. तुरीच्या आमटीचं निवळ पाणी काढलं, पुडीतला चायनाग्रास त्यात विरघळवला, गरम गरम बशांत ओतला आणि झाकणं लावली. निवल्यावर ते खिरीवरच्या सायीसारखं थिजलं. माशी धरायला लांब जावं लागलं नाही. भाताच्या पातेल्याच्या काठावर बसलेली एक तिनं काचेच्या पेल्याखाली कोंडली आणि तो पेला एका बशीवर पालथा घातला. माशी त्या थिजलेल्या आमटीवर चालली. थांबली, सोंड टेकवली, पुढचे पाय एकमेकांवर घासले, पुन्हा चालली. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून पाहत होते.

"देवाला नमस्कार करती जणू," चिमाबाई नकळत बोलून गेली.

"पाय झाडते, बाई. अंगावरचं सांडून टाकते."

तिनं माशी सोडून दिली, झाकण लावलं. दुसरी बशी तशीच होती. ज्योतीरामनं त्या बशीकडे बोट केलं. मग म्हणाला, "हिच्या एका अंगाला तुमी बोट टेकवा. दुसऱ्या अंगाला मी टेकवतो. तुमी म्हणत असाल तर."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग कोपरापर्यंत हात धुतला आणि बोट टेकवलं. बशी उंबऱ्यावर ठेवून ती मागं सरली. त्यानंही हात धुतला आणि बोट टेकवलं. बशा तिनं फडताळात ठेवल्या, चुलीची ऊब लागेल पण चटका बसणार नाही अशा जागी.

दोन दिवसांनी तो आला तेव्हा ती आधीच बशा पुढ्यात घेऊन बसली होती. पहाटेच तिनं त्या काढल्या असाव्यात. चूल पेटलेली नव्हती.

पहिल्या बशीत वाट उमटली होती. खसखशीएवढे ठिपके, पांढरे, पिवळट, मध्येच एखादा गुलाबी, ओळीनं, वळण घेत, जशी माशी चालली होती तसे. आणि दोन ठिकाणी ओळ तुटून दाट पुंजके झाले होते. त्यांना आंबूस घाण येत होती.

"हे काय?" तिनं पुंजक्याकडे बोट केलं.

"तिथं थांबली व्हती ती. वकली असंल न्हाईतर हगली असंल."

चिमाबाई बराच वेळ त्या वाटेकडे पाहत राहिली. मग तिनं दुसरी बशी ओढली. एका अंगाला पाच-सहा ठिपके होते, दुसऱ्या अंगाला पाच-सहा. सारखेच, फिकट, विरळ.

"ह्यातला माझा कंचा आन् तुझा कंचा?"

"खूण करायची राहिली, बाई."

"मग वळखायचं कसं?"

"सायेब बी वळखू शकणार न्हाईत."

ती बशी तिनं उजेडाकडे फिरवून पाहिली, पुन्हा फिरवून पाहिली. चाळीत कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. तिचा चेहरा हळूहळू असा झाला की ज्योतीरामला वाटलं, आपण हे दाखवायला नको होतं.

"दूध म्या दिलं," ती म्हणाली. "त्येच्या वाटीतली माशी म्या काढली. ह्याच बोटानं. त्येच्या आईनं इचारलं तवा माझ्या ध्यानात व्हतं. माशी आठवली मला, ज्योती. तरी म्या तुझ्याकडं बोट दावलं."

ज्योतीरामनं उघड्या बशीवर झाकण लावलं.

"तवा तू का गप ऱ्हायलास?"

"पाणी दिलं व्हतं की," तो म्हणाला. "आन् त्या माउलीला कुणावर तरी माती टाकायची व्हती. ती माझ्यावर टाकली. तुमच्यावर टाकली असती तर तुमी खाली बसला असता."

त्या दिवशी चिमाबाईनं स्वतः दोन्ही घमेली उचलून आबाजीच्या उकिरड्यापलीकडे नेऊन ओतली आणि वरून माती लोटली. मोरी चुन्यानं घासली. पातेल्यांवर झाकणं आली, दुधावर ओलं फडकं आलं. जेवायला आलेल्यांनी पाहिलं, पण विचारायचं धाडस खंडूलाही झालं नाही. तो फक्त तानुबाईला हळूच म्हणाला, "म्हातारीला झालंय काय?" तानुबाईनं खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबाईनं आंघोळ केली, कोरडं लुगडं नेसलं आणि तानुबाईला चुलीपुढं बसवलं.

"आजपास्नं चूल तुझी. झाकण टाकल्याबिगर पातेलं खाली ठिवायचं न्हाई. शेन आत आनायचं न्हाई."

"आन् तुमी कुठं चालला?"

"मावळात. सोजरबाईकडं."

ज्योतीराम कामावर निघाला होता. त्याला पाहून ती पायरीवर थांबली. पहिल्यांदाच ती त्या पायरीवर त्याच्या बरोबरीनं उभी होती.

"तू आजपास्नं आत बसून जेव. तानूला सांगितलंय."

ज्योतीरामनं मान हलवली. "न्हाई बाई. मी दापोडीला डबा लावलाय. इथं घास उतरायचा न्हाई मला."

तिनं आग्रह केला नाही. तिचा तो हक्क नव्हता, हे तिला कळलं असावं.

"एवढ्या लांब जाण्यापरीस कागद लिहून टाका," तो म्हणाला. "मी लिहून देतो."

"कागद तिला दुसऱ्या कुनीतरी वाचून दावायचा. मधी कुनी नगं. तुझ्या तोंडावर माती पडली ती माझ्यासमोर. आता तिच्या दारात जाऊन सांगते की कुनाच्या हातचं व्हतं."

"त्या बाईनं दारात उभं केलं न्हाई तर?"

"तर दाराच्या भाईर बसन."

"आन् ह्या खानावळीचं? लोकं ऐकतील. उद्या कुणी पाऊल टाकणार न्हाई."

"न्हाई टाकनार," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. नऊ वर्षांत जे मिळवलं ते गेलंच आहे, आता फक्त ते आपल्या तोंडानं सांगायचं बाकी आहे, असा.

कारखान्याचा भोंगा झाला. सायकलींचा लोंढा रस्त्यावर आला. चिमाबाईच्या हातात काही नव्हतं, पिशवी नाही, शिदोरी नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि हमरस्त्याच्या दिशेनं चालू लागली. सायकलवाले घंटी वाजवत तिच्या दोन्ही अंगांनी जात होते. कुणी "मावशी, कुठं?" असं विचारून पुढं निघून गेलं. आबाजी म्हशी घेऊन रस्ता ओलांडत होता, त्यानं काठी आडवी धरून म्हशी थांबवल्या आणि तिला वाट दिली. ती थांबली नाही, वळली नाही. तिची चाल पंगत वाढतानाच्या लगबगीची नव्हती. ज्याला पोचायची घाई नाही पण पोचायचंच आहे, अशा माणसाची ती चाल होती.

तानुबाई पिठाचे हात घेऊन दारात उभी होती. खंडू अर्धवट बूट घालून ओट्यावर आला होता. ज्योतीरामला कामाला उशीर होत होता. तरी तो पायरीवरून हलला नाही. रस्त्याच्या वळणावर वडाच्या झाडाशी ती लहान झाली, सायकलींच्या गर्दीत एकदा दिसली, पुन्हा एकदा दिसली, आणि मग नुसता रस्ताच दिसू लागला. तो तरीही तिकडेच पाहत राहिला.